तव्यावरचा स्कोन आणि सोंगणीची सकाळ

(सामुदायिक रेडिओवरून प्रसारित झालेलं भाषण)

मी पिंपळगाव राजाहून बोलते आहे. बचत गटाची सहयोगिनी म्हणून तुमच्यापैकी पुष्कळजणी मला ओळखतात. मागच्या दोन वेळा आपण कर्जाच्या हप्त्यांवर आणि गटाच्या इतिवृत्तावर बोललो. आज सैपाकघरात जाऊ. हिशेबाची वही मात्र सोबत राहणारच, ती काही माझ्या हातून सुटत नाही.

सुरुवात भुलाबाईपासून करते. भादव्याच्या पौर्णिमेला आपल्याकडे भुलाबाई बसते. तिथून कोजागरीपर्यंत रोज संध्याकाळी पोरी घरोघर जातात, गाणी म्हणतात, टिपऱ्या खेळतात आणि शेवटी खाऊ ओळखतात. डबा झाकलेला असतो. पोरी तो हलवून कानाला लावतात. गोड का तिखट? कुरकुरीत का मऊ? गेल्या वर्षी एका संध्याकाळी आमच्या घरची पाळी होती. पोरींनी चिवडा म्हटलं, शंकरपाळे म्हटलं, गुळपापडी, दाण्याचे लाडू, खोबऱ्याची वडी, गुलगुले, सगळं म्हणून झालं. वीसेक नावं झाली असतील. शेवटी हरल्या. डबा उघडला तर आत भाकरीपेक्षा जाड, वरून तांबूस, तीळ लागलेले तिकोनी तुकडे. त्यातली एक चुणचुणीत पोरगी म्हणाली, "काकू, हे त जाड्या दशमीचे तुकडे हायेत!"

तिचं अर्धं बरोबर होतं. त्याला स्कोन म्हणतात. काही लोक स्कॉन म्हणतात. तिकडे विलायतेतही कसं म्हणायचं यावरून अजून वाद आहे, त्यामुळे आपण कसंही म्हटलं तरी चालेल.

स्कोन हा मूळचा स्कॉटलंडचा पदार्थ. हा शब्द १५१३ साली गॅविन डग्लस नावाच्या स्कॉटिश कवीच्या लेखनात सापडतो, म्हणजे पाचशे वर्षांपेक्षा जुना. आज फोटोत जो दिसतो तो गोल, फुगलेला, मधोमध फुटून त्यात साय आणि मुरंबा भरलेला असतो. इंग्लंडच्या डेव्हन जिल्ह्यात आधी साय लावून वर मुरंबा घालतात आणि शेजारच्या कॉर्नवॉलमध्ये आधी मुरंबा आणि वर साय. त्यावरूनही त्यांचं भांडण आहे. आपल्याकडे पुरणाच्या पोळीवर तूप घालायचं का ती दुधात बुडवायची यावरून होतं, तसंच.

पण मला सांगायची गोष्ट वेगळी आहे. जुना स्कोन असा नव्हता. त्या थंड मुलखात गहू कमी पिकायचा. तिथल्या बाया जव किंवा ओटचं पीठ मळायच्या, जाड गोल थापायच्या, त्याचे चार भाग करायच्या आणि चुलीवरच्या लोखंडी तव्यावर भाजायच्या. ओव्हन नव्हता आणि खायचा सोडाही नव्हता. सोडा आणि बेकिंग पावडर ही एकोणिसाव्या शतकातली गोष्ट. आल्फ्रेड बर्ड नावाच्या इंग्रज माणसाने १८४३ च्या सुमारास बेकिंग पावडर तयार केली, कारण त्याच्या बायकोला यीस्टची पावरोटी सोसत नव्हती. त्यानंतर स्कोन फुगायला लागला. त्याच्या आधी तो आपल्या पळसाच्या पानावर थापलेल्या पानग्याचा, गोवरीच्या आरावर भाजलेल्या रोडग्याचा लांबचा भाऊच होता.

हे मला आधी कळलं असतं तर आमच्या गटाचे नऊ हजार रुपये वाचले असते. त्या ओव्हनची गोष्ट पुढे सांगते. त्याआधी हा पदार्थ माझ्या डोक्यात का शिरला ते सांगायला पाहिजे.

आश्विनातली सकाळ तुम्हाला माहीत आहे. पहाटे अंगावर गोधडी ओढावीशी वाटते आणि दहा वाजता ऊन चटके देतं. सोयाबीन पिवळं पडून वाळलेलं असतं. दोन दिवस उशीर झाला तर शेंगा तडकून दाणे वावरात पडतात, म्हणून ऊन चढायच्या आत सोंगणी उरकायची घाई. तेवढ्यात कपाशीही फुटायला लागते. सीतादही होते आणि वेचणी सुरू होते. मजुरी उक्ती असते, जितकं लवकर जाल तितकं जास्त सोंगाल. मग सकाळी सहाला घरातून निघायचं. निघताना बाईच्या पोटात काय असतं? कपभर चहा. फार तर त्यात बुडवलेला एक टोस्ट. भाकर फडक्यात बांधलेली असते, पण ती दहाला, साडेदहाला सुटते. घरातले पुरुष आणि लेकरं मात्र खाऊन निघतात, कारण त्यांना वाढायला आपण असतो.

चार वर्षांपूर्वी माझी जाऊ सोयाबीन सोंगताना चक्कर येऊन पडली. हातात विळा होता. तो नडगीला लागला आणि सात टाके पडले. दवाखान्यात रक्त तपासलं तर हिमोग्लोबिन आठच्या आत. बाईचं बारा तरी पाहिजे. डॉक्टरांनी विचारलं, सकाळी काय खाल्लं होतं? ती म्हणाली, चहा. काल रात्री? तर म्हणे, थोडं उरलं होतं ते. मी शेजारी उभी होते. एका घरात राहून, एका चुलीवरचं खाऊन, मला हे दिसलं नव्हतं. मी गावोगाव आरोग्यावर बोलत फिरत होते आणि घरात माझी जाऊ उरलंसुरलं खात होती.

हे एका घरचं नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१ च्या पाचव्या फेरीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या बायांपैकी ५४ टक्के बायांच्या अंगात रक्त कमी आढळलं. म्हणजे गटात दहा जणी बसल्या असतील तर त्यातल्या पाच-सहा.

आता लगेच कोणी म्हणू नका की ताईने स्कोन खाऊन रक्त वाढतं असं सांगितलं. तसं नाही. रक्त कमी असेल तर तपासणी करा आणि आरोग्य केंद्रातून मिळणाऱ्या लोहाच्या गोळ्या घ्या, त्याला दुसरा उपाय नाही. गुळात लोह असतं हे खरं, पण आपण समजतो तेवढं नाही, आणि तेवढ्यासाठी पसाभर गूळ खाणं शहाणपणाचं नाही. मी बोलते आहे ते रिकाम्या पोटाबद्दल. सकाळी सहाला चालत्या पायी, एका हाताने खाता येईल, दोन तास पोटात टिकेल आणि आदल्या रात्री करून ठेवता येईल असं काहीतरी पाहिजे होतं. भाकर गरम असेपर्यंत गोड लागते, पण ती सकाळी करावी लागते आणि सोबत कोरड्यास लागतं. लाडू चांगले, पण ते लेकरांच्या हाती आधी लागतात. दशमी चांगली, खरंच चांगली. मात्र एकेक लाटून भाजत बसावी लागते, आणि सोंगणीच्या दिवसांत संध्याकाळी लाटणं हातात धरवत नाही.

आता ओव्हनची गोष्ट. त्याच काळात आमच्या गटातल्या सहा जणींनी एका संस्थेचं बेकरीचं प्रशिक्षण घेतलं. नाव सांगत नाही. पाच दिवस आम्ही मैदा, लोणी आणि पिठीसाखरेत हात घातले. स्कोन मी पहिल्यांदा तिथे खाल्ला. इतका आवडला की मी जिभेवर असतानाच विचार केला, हेच. शेवटच्या दिवशी आम्हाला सांगण्यात आलं की ओव्हनशिवाय यातलं काही जमणार नाही, आणि आम्ही ते ऐकलं. गटाच्या बचतीतून अंतर्गत कर्ज काढलं, नऊ हजारांचा विजेचा ओव्हन आणला, हळदीकुंकू वाहिलं. पहिल्या दिवशी गटाच्या अध्यक्षबाईंच्या घरी लावला तर आधी पंखा मंदावला, मग दिवे मिणमिणले आणि मग घरमालकाने, म्हणजे अध्यक्षबाईंच्या यजमानांनी, तो बंदच करायला लावला. दुसरीकडे लावला तर अर्धं भाजून होईपर्यंत लाईन गेली. वरून कोरडा आणि आतून कच्चा असा तो घाणा आम्ही म्हशीला घातला. म्हशीने मात्र मन लावून खाल्ला.

माझी माय सांगायची, तिच्या लहानपणी दिवाळीआधी बाया घरून रवा, मैदा, तूप, साखर घेऊन तालुक्याच्या बेकरीत जायच्या. तिथे ओळीने बसून नानखटाई वळायच्या आणि भट्टीतून भाजून पत्र्याच्या डब्यात भरून आणायच्या. म्हणजे भट्टी बेकरीवाल्याचीच असायची. आपल्या घरात ती कधी नव्हती आणि तिच्यावाचून आपलं अडलंही नाही. आमच्या ध्यानात हे आलं नाही. आम्हाला वाटलं, बेकरीचं म्हटलं की ओव्हन लागणारच.

पुढे पुण्याला शिकणारी एक भाची दिवाळीच्या सुट्टीत आली. तिला मी हे रडगाणं सांगितलं. तिने वाचून काढलं आणि मला सांगितलं, मामी, हा पदार्थ मुळात तव्यावरचा आहे, अजूनही तिकडे तव्यावर करतात. मी त्याच रात्री बिडाचा तवा घासून घेतला.

तर आता कृती. वही-पेन घ्या, मी थांबते.

गव्हाची चाळलेली कणीक दोन वाट्या. वाटी आपली आमटीची, मध्यम. त्यातली अर्धी वाटी ज्वारीचं पीठ घेतलं तरी चालतं, चव छान येते, फक्त तुकडा थोडा भुगभुगीत होतो. खायचा सोडा अर्धा लहान चमचा, सपाट. मीठ दोन चिमटी. थिजलेलं तूप किंवा घरचं लोणी तीन मोठे चमचे. किसलेला गूळ वाटीचा तिसरा हिस्सा. आंबट ताक अर्धी वाटी, आणि लागलं तर आणखी दोन-तीन चमचे. वरून दोन चमचे तीळ, चिमूटभर सुंठ, वेलदोडा असेल तर, मनुका असतील तर मूठभर. अळीव भाजून टाकले तर आणखी चांगलं, एक चमचा पुरे.

आधी गूळ ताकात विरघळवून बाजूला ठेवा. गुळात कचरा असतो, गाळून घ्या. मग परातीत कणीक, सोडा, मीठ, सुंठ एकत्र करून दोनदा चाळा. सोडा एका जागी राहिला तर तिथे पिवळा डाग पडतो आणि तोंडात कडू लागतो. आता तूप घाला. करंजीला आपण कडकडीत मोहन घालतो, इथे उलटं आहे. तूप थंड आणि थिजलेलं पाहिजे. बोटांच्या टोकांनी ते पिठात चोळा, तळव्याने नाही, तळवा गरम असतो. पीठ जाड रव्यासारखं दिसलं आणि मुठीत दाबल्यावर मुटका वळला की झालं.

हे थंड तूप का? तुपाचे बारीक कण पिठात तसेच राहतात. तव्यावर गेल्यावर ते वितळतात आणि तिथे पोकळी राहते, म्हणून स्कोन मऊ होतो आणि थरांनी सुटतो. तूप पातळ असेल तर ते पिठात मुरून जातं आणि शंकरपाळ्यासारखा खुसखुशीत, पण घट्ट पदार्थ होतो. आश्विनात सकाळी तूप आपोआप थिजलेलं असतं, दुपारी नसतं. दुपारी करणार असाल तर तुपाची वाटी माठाशेजारी ओल्या फडक्यावर ठेवा.

आता गुळाचं ताक ओता. इथून पुढे घाई करायची, कारण ताकाचा आंबटपणा आणि सोडा भेटला की लगेच वायू सुटायला लागतो आणि तोच स्कोनला फुगवतो. तुम्ही फोनवर बोलत बसलात तर तो वायू परातीतच निघून जाईल. चमच्याने किंवा बोटांनी नुसतं एकत्र करा. मळायचं नाही. हे मी तीनदा सांगते, मळायचं नाही, मळायचं नाही.

याच जागी आपल्या सगळ्यांचं चुकतं. आपल्या हातांना लहानपणापासून शिकवलंय की कणीक चांगली तिंबली पाहिजे. आमच्या गटात एक मावशी आहेत, साठीच्या. पोळ्यांना त्यांचा हात धरणारं कोणी नाही. पहिल्यांदा त्यांनी स्कोनचं पीठ असं काही मळलं, तेल लावून, बुक्क्या मारून, झाकून मुरायला ठेवून, की भाजल्यावर दगड झाला. मावशी म्हणाल्या, "अव, मले त हात थांबवताच येत नाही." गव्हाच्या पिठात पाणी पडून ते मळलं गेलं की त्यात चिकट तार धरते. पोळीला ती तार पाहिजे, म्हणून पोळी ताणली तरी फाटत नाही. स्कोनला ती नको. पीठ ओबडधोबड, थोडं हाताला चिकटणारं, कुठे कोरडं दिसणारं असलं तरी सोडून द्या. मावशींना आम्ही शेवटी लाकडी उलथनं दिलं आणि सांगितलं, हात परातीत घालायचाच नाही. तेव्हापासून त्यांचे सगळ्यात चांगले होतात. मळण्याची हौस त्या दुसऱ्या दिवशीच्या पोळ्यांवर भागवतात.

परातीत कोरडं पीठ भुरभुरून गोळा त्यावर टाका आणि हलक्या हाताने थापा. अर्ध्या इंचापेक्षा थोडा जाड, म्हणजे अंगठ्याएवढा. वरून तीळ दाबा. ओल्या सुरीने आधी अधिक चिन्हासारखे चार भाग करा, मग प्रत्येकाचे दोन. आठ तिकोनी नग झाले. सुरी सरळ खाली दाबायची, पुढे-मागे ओढायची नाही, नाहीतर कड दाबली जाते आणि फुगत नाही.

तवा बिडाचा किंवा जाड लोखंडी. नॉनस्टिकवर होतं, पण रंग येत नाही. तवा मंद आचेवर आधीच पाच मिनिटं तापू द्या. त्यावर चिमूटभर कोरडं पीठ टाका. ते हळूहळू बदामी झालं तर तवा बरोबर तापला, लगेच काळं पडलं तर जास्त तापला, आच काढून थोडं थांबा. तव्यावर तूप लावायचं नाही, हलकं पीठ भुरभुरायचं. नग एकमेकांपासून बोटभर अंतरावर ठेवा आणि वर खोलगट झाकण घाला. आच मंदच. सात-आठ मिनिटांनी उलथा, दुसरी बाजू झाकण न घालता सात मिनिटं. मग नग उभे करून कडाही दाबून घ्या, एकेक मिनिट. चुलीवर करत असाल तर लाकडं मागे ओढा आणि नुसत्या इंगळांवर करा, भाकरीच्या जाळावर बाहेरून करपतो आणि आत कच्चा राहतो. गूळ आहे, तो लवकर करपतो, हे लक्षात ठेवा. झाला की नाही कसं ओळखायचं? मधोमध काडी खुपसा, कोरडी निघाली पाहिजे. नाहीतर एक मोडून पाहा. तो करणारीने खायचा.

गार झाल्यावर फडक्यात गुंडाळून डब्यात ठेवा. गरम गरम डब्यात भरले तर घाम धरून चिकट होतात. दोन दिवस चांगले राहतात. दुसऱ्या दिवशी तव्यावर नुसते शेकून घ्या. तिसरा दिवस धरू नका, आपल्याकडे या दिवसांत दुपारची हवा गरम असते आणि यात ताक आहे.

सासूबाई सुरुवातीला म्हणाल्या, सोड्याचं काय खाता, पोट बिघडेल. मी त्यांना अर्धा चमचा मोजून दाखवला आणि म्हटलं, तुम्ही भज्यात यापेक्षा जास्त टाकता. आता त्या दुधात बुडवून खातात. दात नाहीत ना, टोस्ट टोचायचा.

एक गोष्ट चहाची. स्कोन आणि चहा ही जोडी विलायतेतही आहे, आणि आपल्याला चहा सोडा म्हणणारी मी कोण? पण जेवणासोबत चहा घेतला तर अन्नातलं लोह अंगाला कमी लागतं. लोहाची गोळी तर चहासोबत कधीच घेऊ नका. उठल्याबरोबर चहा घ्या आणि तासाभराने, वाटेत किंवा बांधावर पोचल्यावर, स्कोन खा. शरदात पित्त वाढतं असं आयुर्वेद सांगतो, त्यात रिकाम्या पोटी दोन-दोन कप चहा म्हणजे दुपारपर्यंत घशाशी आंबट. हे ज्यांनी अनुभवलं त्यांना वेगळं सांगायला नको.

आता वहीकडे येते. तुमच्या मनात आलं असेलच, ताई, हे विकता येईल का? आम्ही विकले. कोजागरीपासून खामगावात मोठ्या देवीचा उत्सव असतो, पंचक्रोशीतून लोक येतात. आम्ही म्हटलं, संधी आहे. दहा रुपयांना एक असा भाव लावला. आमचा हिशेब सांगते, कारण असा हिशेब कोणी मांडत नाही. आठ नगांना कणीक, तूप, गूळ, ताक, तीळ, मनुका, गॅस मिळून साधारण ५६ रुपये. सगळ्यात मोठा खर्च तुपाचा. म्हणजे एका नगाला सात रुपये. दहाला विकला तर तीन रुपये सुटतात. दिवसाला चाळीस नग विकले, १२० रुपये सुटले. आम्ही खूष. मग माझ्या डोक्यात आलं, किती जणी होतो? चौघी. किती वेळ? करणं, भरणं, नेणं, विकणं, चार तास. म्हणजे सोळा तासांचे १२० रुपये, तासाला साडेसात. त्यातून एस.टी.चं भाडं आणि कागदी पुडे अजून वजा करायचे होते. त्याच दिवशी त्या चौघी वेचणीला गेल्या असत्या तर यापेक्षा कितीतरी जास्त घेऊन आल्या असत्या.

बायकांचे उद्योग असे बुडतात, आणि बुडाले हे सुद्धा कळत नाही, कारण आपल्या वेळेचा भाव आपण शून्य धरतो. माल घरचा, हात घरचे, मग जे आलं तो नफा. तूप घरचं असलं तरी ते बाजारात विकलं असतं तर पैसे आलेच असते, ते खर्चात धरायचं. तुपाऐवजी स्वस्त डालडा वापरून भाव जमवायचा, असं एकीने सुचवलं. मी नको म्हटलं. न्याहारी म्हणून जे आपण आपल्या जावेला देणार नाही ते दुसऱ्याच्या जावेला का विकायचं?

तरी ज्यांना विकायचंच आहे त्यांनी पंधरा रुपयांच्या खाली विकू नका, मोठा घाणा करा आणि आधी मागणी घेऊन मगच करा. मागणीशिवाय केलेला माल दोन दिवसांत जातो, हा काही पापड नाही. आणि अन्न परवान्याची नोंदणी करून घ्या. आम्ही केली तेव्हा लहान उत्पादकांना वर्षाला शंभर रुपये फी होती. प्रधानमंत्री सूक्ष्म अन्नप्रक्रिया योजनेत गटाच्या सदस्याला चाळीस हजारांपर्यंत बीज भांडवल मिळण्याची सोय होती, ती खेळत्या भांडवलासाठी आणि लहान अवजारांसाठी होती. पण आधी तव्यावर शंभर नग विकून दाखवा, मग भांडवलाचं बोलू. आमचा ओव्हन अजून अध्यक्षबाईंच्या घरी आहे. त्याच्यावर क्रोशाचं झाकण आहे आणि झाकणावर टीव्ही. कर्ज मात्र फेडलं, शेवटचा हप्ता गेल्या गुढीपाडव्याला.

विक्री थांबवली तरी करणं थांबलं नाही, आणि मला स्वतःला त्याचंच जास्त वाटतं. आमच्या गटात आता सोंगणीच्या दिवसांत सहा घरी हे होतं. एक दिवस आड, रात्रीची भांडी झाल्यावर, तवा गरम आहेच तर एक घाणा. आम्ही एकच नियम केला आहे. भाजून झाले की आधी वावरात जाणाऱ्या बाईचे दोन नग तिच्या डब्यात जातात, डबा बंद होतो, आणि उरलेले घरच्यांना. हा नियम ऐकायला सोपा आहे. करायला किती अवघड गेला ते सांगू? पहिल्या आठवड्यात पाच जणींनी वावरात जाऊन डबा उघडला आणि त्यातला एक परत घरी आणला, लेकराला. एकीने दोन्ही आणले. तिला मी रागावले नाही, माझ्या हातूनही तेच होतं. मग आम्ही वावरात एकमेकींसमोर डबे उघडायचं ठरवलं. आठ वाजता, बांधावर, सगळ्यांनी एकदम. मुकादमाने कुरकुर केली की वेळ जातो. मावशींनी त्यालाही एक दिला. त्याने खाल्ला, आणि दुसऱ्या दिवशी आठ वाजता त्यानेच हाक मारली, चला बायांनो, न्याहारी.

माझ्या जावेचं हिमोग्लोबिन गेल्या महिन्यात साडेदहा भरलं. ते गोळ्यांमुळे, डॉक्टरांमुळे, आणि ती आता आमच्यासोबत ताटावर बसते म्हणून. मी आणि ती रात्री एकदमच जेवतो, पुरुषांच्या नंतर नाही. त्यावरून घरात दोन दिवस अबोला झाला होता, पण तो विषय वेगळा, कधीतरी सांगेन.

मागच्या वेळी एका ताईंनी फोन करून विचारलं होतं की साखरेचा आजार असणाऱ्यांनी गोड न्याहारी कशी करायची. त्यांनी हा स्कोन करू नये, गुळाचाही नाही. गूळ म्हणजे साखरच. त्यांनी गूळ वगळून त्याजागी ओवा, जिरं, हिरवी मिरची आणि कोथिंबीर घालावी, ताक दोन चमचे वाढवावं, मीठ थोडं जास्त. कणीक निम्मी आणि ज्वारीचं पीठ निम्मं घ्यावं, आणि एकच नग खावा. तिखट स्कोनही तव्यावर तसाच होतो, मळायचा मात्र तोही नाही.

पुढच्या गुरुवारी गटाचं वार्षिक लेखापरीक्षण. पावत्या शोधून ठेवा. नमस्कार.